विश्लेषण : मोबाइलवर लख्ख, फ्रेममध्ये धूसर, फोटोचे रिझोल्यूशन कसे तपासायचे?

घरातले ज्येष्ठ गेले की तेराव्यासाठी चांगल्या फोटोची शोधाशोध सुरू होते. नातवाच्या लग्नात कोणीतरी काढलेला, आजोबा मनमोकळे हसत असलेला फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सापडतो. मोबाइलवर तो लख्ख दिसतो. १२ बाय १६ इंचांची फ्रेम घरी येते तेव्हा मात्र चेहरा पुसट झालेला असतो. दोष छपाईवाल्याला दिला जातो. बहुतेकदा तो त्याचा नसतो, आणि छापायला देण्याआधी दोन मिनिटांत हे कळू शकले असते.

मोजायचे काय?

डिजिटल फोटो म्हणजे रंगीत ठिपक्यांची, अर्थात पिक्सेलची जाळी. १२ मेगापिक्सेलच्या मूळ फोटोत ३००० बाय ४००० म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेल असतात. तोच फोटो ग्रुपवरून फिरून १२०० बाय १६०० होऊन आला, तर उरतात १९ लाख २० हजार. मोबाइलच्या पडद्याला तेवढे पुरतात, म्हणून फरक जाणवत नाही. कागदावर हिशेब वेगळा : पिक्सेल भागिले इंच. मूळ फोटो १६ इंच लांबीत छापला तर इंचाला २५० पिक्सेल मिळतात, ग्रुपवरच्या फोटोला फक्त १००. हातात धरून पाहायच्या छपाईसाठी ३०० हा रूढ आकडा आहे. भिंतीवरची फ्रेम जरा लांबून पाहिली जाते, तिथे १५० ते २०० वर भागते. चौकातला फ्लेक्स तर याहून कितीतरी कमी रिझोल्यूशनवर खपून जातो.

फाइल किती एमबीची आहे, यावरून मात्र अंदाज बांधू नये. जेपीईजी फाइल किती दाबून साठवली आहे, यावर तो आकडा बदलतो.

सॉफ्टवेअरमध्ये कुठे पाहायचे?

फोटोशॉपमध्ये ‘इमेज’ मेन्यूतील ‘इमेज साइज’ उघडा. विंडोजवर कंट्रोल, ऑल्ट आणि आय ही बटणे एकत्र दाबली तरी चालते. गिम्प या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘इमेज’ मेन्यूतच ‘प्रिंट साइज’ आहे.

इथे हमखास फसगत होते. रिझोल्यूशनच्या रकान्यात ७२ दिसते आणि ‘फोटो खराब आहे’ असा निष्कर्ष निघतो. हा आकडा १९८४च्या मॅकिंटॉश संगणकाच्या पडद्यापासून चालत आला आहे. त्या पडद्यावर इंचाला ७२ ठिपके असत. फाइलमध्ये तशी नोंद नसली तरी फोटोशॉप ७२ दाखवते. त्यावरून फोटोचा दर्जा ठरत नाही. पाहायचे ते पिक्सेल.

मग ७२ खोडून ३०० लिहिले तर? ‘रीसॅम्पल’ची खूण काढलेली असेल तर पिक्सेल तेवढेच राहतात, फक्त छपाईचा आकार बदलतो. आपला १२०० बाय १६०० चा फोटो ४ बाय सव्वापाच इंचांचा दिसू लागतो. त्याची खरी ऐपत ही! खूण तशीच ठेवली, तर सॉफ्टवेअर त्याचे ५००० बाय ६६६७ पिक्सेल करून देते. आकडा भारदस्त दिसतो, पण वाढीव पिक्सेल शेजारच्या रंगांवरून अंदाजाने भरलेले असतात. छापल्यावर धूसरपणा तसाच राहतो.

एआयची साधने याच्या पुढे जातात. ती पापण्या, सुरकुत्या रेखीव करून देतात, पण त्याही अंदाजानेच. अनोळखी माणसाला तो फोटो सुरेख वाटेल. घरच्यांना मात्र ‘हे आजोबा नव्हेत’ असे वाटू शकते.

म्हणून आधी फोटो कोणाच्या मोबाइलने काढला, ते शोधा आणि मूळ फाइल व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून किंवा ईमेलने मागवा. जुना फोन विकण्याआधी किंवा फॉरमॅट करण्याआधी हे झालेले बरे. मूळ फाइल मिळालीच नाही, तर फ्रेम लहान घ्या. १२०० बाय १६०० पिक्सेलमध्ये ८ बाय साडेदहा इंचांचा फोटो भिंतीवर नीट दिसतो.