पेपर जूनमध्येच सुरू होतो

समजा, नांदेडच्या एका महाविद्यालयात बी.ए.चा तीन तासांचा पेपर आहे, सकाळी अकरा ते दुपारी दोन. दोनची घंटा होते, मुलं प्रश्नपत्रिका हातात घेऊन पोर्चमध्ये येतात, एसटी स्टँडची वाट धरतात. एका खोलीत मात्र कंधारकडची एक मुलगी अजून बसलेली आहे. तिला फार कमी दिसतं. ती उत्तर सांगते, शेजारी बसलेली बारावीची मुलगी ते लिहून घेते. नियमाप्रमाणे तिला तीन वाजेपर्यंत वेळ आहे. पण पर्यवेक्षक घड्याळ बघताहेत आणि शिपाई कुलूप घेऊन दारात उभा आहे. "अजून किती राहिलं?" असं कुणीतरी तिसऱ्यांदा विचारून गेलं आहे.

हा एक तास तिला कुणी मेहरबानी म्हणून दिलेला नाही. तो मिळवायला बरेच कागद हलावे लागतात, आणि त्यातले बहुतेक परीक्षेच्या आठवड्यात हलत नाहीत. जूनमध्ये, प्रवेशाच्या वेळीच हलवावे लागतात. ते क्रमाने पाहू.

पहिला कागद: प्रमाणपत्र आणि कार्ड

सगळ्याचा पाया दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा आहे. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. आधीच्या १९९५ च्या कायद्यात सात प्रकार होते, या कायद्यात २१ आहेत. अंधत्व, बहिरेपण, हातापायांचं अपंगत्व हे ओळखीचे प्रकार त्यात आहेतच. शिवाय वाचन-लेखनाची विशिष्ट अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, मानसिक आजार, हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेलही आहेत. वर्गात धडधाकट दिसणारा मुलगा कायद्याच्या दृष्टीने दिव्यांग असू शकतो. हे अनेक घरांना माहीत नसतं, म्हणून कागद काढलाच जात नाही.

प्रमाणपत्रासाठीचा अर्ज 'स्वावलंबन' पोर्टलवर भरायचा. त्यानंतर तपासणीची तारीख मिळते. नांदेडमध्ये वजिराबादचं श्री गुरुगोबिंदसिंघजी स्मारक जिल्हा रुग्णालय आणि विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लातूरमध्ये विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, ही या भागातली मोठी सरकारी रुग्णालयं. कुठल्या तपासणीसाठी कुठे आणि कोणत्या वारी जायचं, हे निघण्याआधी विचारून घ्यावं. किनवट-माहूरहून नांदेड गाठायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो. तज्ज्ञ डॉक्टर त्या दिवशी नसले की दुसरा दिवसही मोडतो.

तपासणीनंतर प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, मिळतं. कार्डाच्या रंगालाही अर्थ आहे. ४० टक्क्यांच्या आत पांढरं, ४० ते ८० च्या आत पिवळं, ८० आणि त्यापुढे निळं. हा ४० चा आकडा महत्त्वाचा, कारण राखीव जागेसारखे काही हक्क त्यालाच जोडलेले आहेत. पण सगळेच नाहीत. पांढरं कार्ड हाती आलं म्हणून ते कपाटात टाकून देऊ नका. पुढे परीक्षेत त्याचं काम पडतं.

प्रवेशाच्या खिडकीवर

कायद्याचं कलम ३२ सांगतं की सरकारी आणि सरकारी अनुदान घेणाऱ्या उच्च शिक्षण संस्थांनी किमान ५ टक्के जागा ४० टक्के आणि त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांसाठी ठेवायच्या आणि त्यांना वयात पाच वर्षांची सूट द्यायची. जुन्या कायद्यात हे प्रमाण ३ टक्के होतं.

लातूरमध्ये 'प्रवेश' म्हटलं की डोळ्यांसमोर 'नीट' येते, त्यामुळे इथं एक निकाल ठाऊक असायला हवा. वाचा आणि भाषेचं अपंगत्व ४० टक्क्यांहून जास्त असलेल्या ओंकार गोंड या विद्यार्थ्याला एमबीबीएससाठी अपात्र ठरवलं गेलं. मुंबई उच्च न्यायालयातून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ऑक्टोबर २०२४ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की केवळ टक्केवारीचा आकडा पाहून कुणाला बाहेर ठेवता येणार नाही. विद्यार्थी तो अभ्यासक्रम प्रत्यक्षात पूर्ण करू शकतो का, हे अपंगत्व तपासणाऱ्या मंडळाने पाहिलं पाहिजे. म्हणून मंडळाचा शेरा हाती आला की आकड्यापाशी थांबू नका. त्याखाली कारण लिहिलं आहे का, ते बघा.

एक पानाचं पत्र

प्रवेश झाला की पुष्कळ घरांना वाटतं, आता महाविद्यालयाला कळलंच आहे. अर्जात 'दिव्यांग' या चौकटीत खूण केली आहे ना! पण ती खूण प्रवेशाच्या नोंदीत राहते. शिकवणाऱ्या प्राध्यापकांपर्यंत, ग्रंथालयापर्यंत, परीक्षा विभागापर्यंत ती आपोआप पोचत नाही.

म्हणून पहिल्या महिन्यातच प्राचार्यांच्या नावे एक पत्र द्यावं. त्यात आजाराचं नाव एका ओळीत पुरे. बाकी पत्रात कशाने अडतं आणि काय केलं म्हणजे भागेल, ते लिहावं. 'रेटिनायटिस पिगमेंटोझा' वाचून प्राचार्यांना काय करायचं ते कळत नाही. 'फळ्यावरचं दिसत नाही, मोठ्या अक्षरात छापलेलं वाचता येतं, संध्याकाळी अंधारात चालता येत नाही, म्हणून शेवटचा तास अवघड जातो' हे वाचून कळतं. कायद्याच्या भाषेतला 'वाजवी बदल' म्हणजे हेच. त्या एका विद्यार्थ्याची अडचण दूर होईल आणि संस्थेवर अवाजवी भार पडणार नाही, असा फेरफार. पहिल्या बाकावरची जागा, तळमजल्यावरचा वर्ग, तासाआधी मिळालेल्या नोट्स, यातल्या बहुतेक गोष्टींना पैसाही लागत नाही.

पत्राच्या दोन प्रती काढाव्यात. दुसऱ्या प्रतीवर आवक-जावकचा शिक्का आणि तारीख घ्यावी. तोंडी सांगितलेलं प्राचार्य बदलले की संपतं, शिक्क्याचा कागद टिकतो.

महाविद्यालयाकडूनच सुरुवात करण्याला आणखी एक कारण आहे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मुक्तिसंग्राम दिनी स्थापन झालं. त्याच्या कक्षेत नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली असे चार जिल्हे येतात. लातूरला उपकेंद्र आहे, पण परीक्षेचा कारभार विष्णुपुरीच्या मुख्य परिसरातून चालतो. निलंग्याच्या विद्यार्थ्याने एका सहीसाठी तिथवर यावं, ही अपेक्षाच चूक. त्याचा अर्ज शिफारशीसह पुढे पाठवणं हे महाविद्यालयाचं काम आहे.

उतार कुणासाठी?

इमारतीचा हिशेब सोपा आहे, फूटपट्टीने मोजता येतो. चाकाच्या खुर्चीसाठीच्या रॅम्पला एकास बारा असा उतार लागतो. म्हणजे एक फूट चढायचं तर रॅम्प बारा फूट लांब हवा. सहा इंचांच्या तीन पायऱ्या म्हणजे दीड फूट, रॅम्प अठरा फूट. एवढी जागा सोडायची नसते म्हणून अनेक ठिकाणी पाच-सहा फुटांचा सिमेंटचा घसरता तुकडा ओतला जातो. त्यावरून मोटारसायकल चढते, खुर्ची चढत नाही. रॅम्पची रुंदी निदान १२०० मिलिमीटर आणि दाराची मोकळी जागा ९०० मिलिमीटर लागते. रॅम्प उत्तम आणि स्वच्छतागृहाचं दार दोन फुटांचं असेल, तर तो विद्यार्थी सकाळपासून पाणी न पिता बसतो.

महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात दिव्यांगस्नेही परिसरावर स्वतंत्र प्रश्न असतो. रॅम्प किंवा लिफ्ट, स्वच्छतागृह, दिशादर्शक फलक, सहायक तंत्रज्ञान आणि माहिती मिळवण्यासाठी मदत अशा बाबी त्यात विचारल्या जातात. त्यामुळे समिती येण्याआधी घाईने कामं होतात. होऊ द्यावीत, पण उतार ठरवताना खुर्ची वापरणारा एखादा विद्यार्थी सोबत घ्यावा. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे किमान निकष ऐच्छिक ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारकच हवेत, असं सांगितलं आहे.

रॅम्पला पैसा आणि वेळ लागतो, पण तो होईपर्यंतही मार्ग असतो. विद्यार्थ्याला वर नेता येत नसेल, तर त्याचा वर्ग खाली आणावा. वेळापत्रकात खोलीचा एक क्रमांक बदलला की झालं.

अक्षर ऐकायचं कसं

न दिसणारा विद्यार्थी आज मोबाइल किंवा संगणकाकडून वाचून घेतो. अँड्रॉइड फोनमध्ये 'टॉकबॅक' असतंच. संगणकासाठी 'एनव्हीडीए' फुकट मिळतं. ही साधनं मराठीही बोलतात. तरी प्राध्यापकांनी पाठवलेल्या मराठी नोट्स पुष्कळदा त्यांना वाचता येत नाहीत. याची कारणं दोन.

पहिलं कारण म्हणजे पानांचे फोटो काढून केलेली पीडीएफ. डोळ्याला तिथं अक्षरं दिसतात, यंत्राला फक्त चित्र दिसतं. दुसरं कारण खास आपल्याकडचं आहे. श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये पडद्यावर 'क' दिसतो, पण फाइलीत आत इंग्रजी कळफलकावरचं एखादं चिन्ह साठवलेलं असतं. वाचणारं यंत्र आकार बघत नाही, आतला संकेत वाचतं. त्यामुळे मराठीचा उतारा अर्थहीन इंग्रजी अक्षरांची रांग होऊन कानावर पडतो. युनिकोडमध्ये 'क' चा संकेत 'क' चाच असतो.

उपाय एका वाक्याचा आहे. नोट्स युनिकोडमध्ये टाइप करा आणि मूळ फाइल द्या. जुन्या फाइली बदलून देणारी परिवर्तकं आहेत. पुस्तकांसाठी २०१६ मध्ये सुरू झालेलं 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय आहे. महाविद्यालयाच्या ग्रंथपालांनी विद्यार्थ्याला तिथली नोंदणी करून दिली, तरी मोठं काम होतं.

ऐकू न येणाऱ्यांची गरज वेगळी. खाणाखुणांच्या भाषेचं स्वतःचं व्याकरण आहे, त्यामुळे लिखित मराठी ही अनेकांसाठी दुसरी भाषा ठरते. उत्तरातली वाक्यरचना मोडकी असली, तरी विषय समजलेला असू शकतो. शिकवताना प्राध्यापकांनी फळ्याकडे तोंड करून बोलू नये, मुद्दे लिहून दाखवावेत. दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट देण्याची तरतूद कलम १७ मध्येच आहे.

रायटर आणि एक तास

आता परीक्षा. कागदावर 'लेखनिक', मुलांच्या तोंडी 'रायटर'. केंद्र सरकारने ऑगस्ट २०१८ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनी हिशेब ठरवून दिला. परीक्षेच्या दर तासामागे किमान २० मिनिटं जादा. दीड तासाच्या पेपरला ३० मिनिटं, दोन तासांच्या पेपरला ४०, तीन तासांच्या पेपरला ६०. अंधत्व, दोन्ही हातांचं अपंगत्व किंवा सेरेब्रल पाल्सी असेल तर मागणी पुरते. इतरांना लिहिता येत नसल्याचं जिल्हा शल्यचिकित्सकासारख्या सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र लागतं. त्याचा नमुना ठरलेला आहे. तो छापून सोबत न्यावा, नाहीतर दुसऱ्याच मजकुराचं पत्र मिळतं आणि फेरा वाया जातो.

पांढऱ्या कार्डाचं काम इथे पडतं. हात आखडण्याचा विकार असलेल्या विकास कुमार या यूपीएससीच्या उमेदवाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी निकाल दिला, की लेखनिकासाठी ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही. त्यानुसार २०२२ मध्ये ४० टक्क्यांखालच्यांसाठी सूचना निघाल्या, २०२५ मध्ये नियम पुन्हा सुधारले गेले. परीक्षा घेणाऱ्या संस्थेने स्वतःच लेखनिकांची यादी तयार ठेवावी, असा आता रोख आहे. म्हणून रायटर किती शिकलेला चालतो, हे मागच्या वर्षीच्या सांगोवांगीवर ठरवू नका. परीक्षा विभागाचं चालू परिपत्रक वाचा.

रायटर शोधणं हीच खरी मेहनत. तो विद्यार्थ्यापेक्षा कमी शिकलेला हवा, म्हणून पदवीच्या विद्यार्थ्यांना अकरावी-बारावीची मुलं शोधावी लागतात. लातूरमध्ये अशा मुलांची वाण नाही, पण त्यांचा दिवस क्लास आणि सराव परीक्षांनी भरलेला असतो. म्हणून महाविद्यालयांनी वर्षाच्या सुरुवातीलाच आपल्या कनिष्ठ विभागातून इच्छुकांची यादी करावी. परीक्षेआधी रायटरला भेटण्याची मुभा सूचनांमध्येच आहे. त्या भेटीत तासभर सराव करावा. परिच्छेद कुठे तोडायचा, अवघड नाव कसं लिहायचं, आकृतीत कशाला काय नाव द्यायचं. सांगून लिहून घेणं हे वेगळंच कौशल्य आहे, ते परीक्षेच्या खोलीत शिकता येत नाही.

नाही म्हटलं तर

नकार मिळाला तर तो लेखी मागावा. अनेकदा तेवढ्यानेच नकाराचा होकार होतो. नाही झाला, तर यूजीसीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जावं. तिने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि त्यानंतर विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येतं. त्यापुढे पुण्याचे राज्य दिव्यांग आयुक्त आणि अखेर उच्च न्यायालयाचं छत्रपती संभाजीनगर खंडपीठ. या प्रत्येक ठिकाणी पहिल्यांदा विचारलं जातं, 'मागणी कधी केली होती?' त्या वेळी जूनचा शिक्का मारलेली ती दुसरी प्रत पुढे ठेवायची.

आता पुन्हा त्या खोलीत जाऊ. पर्यवेक्षकांची दोनपर्यंतची ड्यूटी संपली आहे, तीनपर्यंत थांबायचं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. खोलीत दुपारच्या सत्राची मुलं बसणार आहेत, म्हणून शिपायालाही घाई आहे. दोघांचाही दोष नाही. महाविद्यालयाने खोली वेगळी ठेवली असती आणि ड्यूटीच्या तक्त्यात 'अकरा ते तीन' असं एका नावापुढे लिहिलं असतं, तर दारात कुलूप घेऊन कुणी उभं राहिलं नसतं. मुलीने शेवटचा प्रश्न निवांत सांगितला असता.