विश्लेषण : प्रती अवघ्या ४३८, मोल लाखोंत… मर्यादित आवृत्तीच्या पुस्तकांचे संग्राहक नेमके काय जपतात?

लंडनमध्ये १८९६ साली छापलेल्या चॉसरच्या काव्यसंग्रहाची प्रत आजही लिलावात आली, की तिच्यावर लाखो रुपयांची बोली लागते. त्यातला मजकूर इंटरनेटवर फुकट वाचता येतो. मग हे पैसे कशाचे? उत्तर मजकुरात नाही, पुस्तक कसे घडले यात आहे.

खासगी मुद्रणालय म्हणजे काय?

मजकूर, अक्षर, कागद, शाई आणि बांधणी मालकाच्या आवडीने ठरवणारा आणि बहुधा हातयंत्रावर मोजक्याच प्रती काढणारा छोटा छापखाना म्हणजे खासगी मुद्रणालय. एकोणिसाव्या शतकात वाफेच्या यंत्रांमुळे छपाई वेगवान आणि स्वस्त झाली. मात्र लाकडाच्या लगद्याचा कागद पिवळा पडू लागला, पाने ठिसूळ होऊन तुटू लागली. त्याविरुद्धची प्रतिक्रिया म्हणून इंग्लंडमध्ये ही चळवळ उभी राहिली.

सुरुवात कोणी केली?

मुद्रणतज्ज्ञ एमरी वॉकर यांनी १८८८ मध्ये लंडनमध्ये व्याख्यान देताना जुन्या पुस्तकांतील अक्षरे पडद्यावर मोठी करून दाखवली. ती पाहून कवी आणि कलावंत विल्यम मॉरिस यांनी स्वतःची अक्षरे घडवायचे ठरवले. १८९१ मध्ये हॅमरस्मिथ भागात त्यांची 'केल्मस्कॉट प्रेस' सुरू झाली. तागाच्या चिंध्यांपासून हाताने बनवलेला कागद, जर्मनीहून आणलेली शाई आणि स्वतः रेखाटलेले तीन टाइप यांच्या बळावर १८९८ पर्यंत ५३ पुस्तके निघाली. त्यांतले सर्वात गाजलेले म्हणजे चॉसर. एडवर्ड बर्न-जोन्स यांची ८७ चित्रे, ४२५ प्रती कागदावर आणि १३ चर्मपत्रावर. ते पूर्ण झाल्यावर काही महिन्यांतच, ऑक्टोबर १८९६ मध्ये मॉरिस यांचे निधन झाले.

यात एक विसंगतीही होती. मॉरिस समाजवादी होते. कला सर्वांसाठी असावी, असे ते सांगत. पण कागदावरील चॉसरची किंमत २० पौंड होती. ती कामगाराच्या आवाक्याबाहेरचीच होती.

अक्षरे नदीत का बुडवली?

वॉकर आणि टी. जे. कॉब्डन-सँडर्सन यांनी १९०० मध्ये 'डव्ह्ज प्रेस' सुरू केली. तिथे चित्रे नाहीत, वेलबुट्टी नाही. सारी भिस्त एकाच टाइपवर. पाच खंडांचे बायबल १९०३ ते १९०५ दरम्यान ५०० प्रतींत निघाले. पुढे भागीदारांत बिनसले. आपल्यानंतर हा टाइप वॉकर यांच्याकडे जाईल आणि यांत्रिक छपाईसाठी वापरला जाईल, ही कॉब्डन-सँडर्सन यांची धास्ती होती. त्यांनी आधी साचे आणि मग ऑगस्ट १९१६ ते जानेवारी १९१७ दरम्यान टनाहून अधिक वजनाचे खिळे हॅमरस्मिथ पुलावरून रात्रीच्या अंधारात टेम्स नदीत टाकले. तेव्हा त्यांनी वयाची पंचाहत्तरी गाठलेली होती. २०१४ मध्ये पाणबुड्यांच्या मदतीने त्यांतले सुमारे १५० खिळे वर काढण्यात आले.

आपल्या उपखंडाशी संबंध काय?

केल्मस्कॉट बंद झाल्यावर तिथली यंत्रे 'एसेक्स हाउस प्रेस'कडे गेली. पुढे ती प्रेस भारतीय कलेचे भाष्यकार आनंद कुमारस्वामी यांच्या हाती आली. श्रीलंकेतील कारागिरीवरचा त्यांचा 'मिडीव्हल सिंहलीज आर्ट' हा ग्रंथ १९०८ मध्ये तिथेच ४२५ प्रतींत छापला गेला. अलीकडचे उदाहरण चेन्नईच्या 'तारा बुक्स'चे. गोंड चित्रकारांचे 'द नाइट लाइफ ऑफ ट्रीज' हे पुस्तक हातकागदावर स्क्रीन छपाईने तयार होते आणि प्रत्येक प्रतीवर क्रमांक असतो.

संग्राहक काय तपासतात?

पहिली नजर जाते ती शेवटच्या पानावरील पुष्पिकेकडे. किती प्रती, कोणता कागद, कोणाची बांधणी, हे बहुधा तिथे नोंदलेले असते. नुसते 'मर्यादित आवृत्ती' लिहिलेले असेल आणि प्रतींची संख्याच दिलेली नसेल, तर त्या शब्दाला अर्थ नाही. क्रमांक १ ची प्रत सर्वात आधी छापलेली असतेच असेही नाही. पाने आणि चित्रे पूर्ण आहेत का, बांधणी मूळची आहे का, प्रत आधी कोणाकडे होती, यावर मोल ठरते. चॉसरची हुबेहूब पुनर्मुद्रणेही निघाली आहेत. त्यामुळे खरेदीआधी जाणकाराचे मत घेणे शहाणपणाचे.

आपल्या दमट हवेत कसर, वाळवी आणि बुरशी हे मोठे शत्रू. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळणे किंवा फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावणे नुकसानकारकच ठरते.

गुंतवणूक म्हणून योग्य?

भाव वाढेलच याची हमी नाही. विक्रीला वेळ लागतो, लिलावात कमिशन जाते आणि अभिरुचीही बदलते. दुर्मीळ असलेले प्रत्येक पुस्तक मौल्यवान नसते. कोणालाच नको असलेल्या पुस्तकाच्याही मोजक्याच प्रती उरतात. म्हणून आवड असेल तरच या वाटेला जावे. आणि आवडीला मोठा खिसा लागतोच असे नाही. केल्मस्कॉटची पाने मोबाइलवर मोफत पाहता येतात. मात्र खिळ्याच्या दाबाने कागदावर उमटलेला खोलगट ठसा स्क्रीनवर बोटांना लागत नाही. संग्राहक पैसे मोजतात ते त्यासाठी.