दोन अक्षरांचं पाम

पोरगा पामचा. फाइलच्या पहिल्याच ओळीत त्याने आपल्या गावाचं नाव टाकलं, तेही मराठीत, आणि पुढचा दीड तास तिथेच गेला.

आमच्या भागातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी सिस्टिम प्रोग्रॅमिंगची प्रॅक्टिकल्स घेतो. मुलं पायथॉन करून आलेली असतात. तिथे नाव लिहिलं की नाव साठतं. कुठे, किती जागेत, कुणी विचारत नाही. सीमध्ये जागा आधी मागावी लागते, मागितली तेवढीच वापरायची आणि काम झालं की परत करायची. व्हायव्हात हे सगळे धडाधडा सांगतात.

त्या दिवशीचा प्रयोग साधाच होता. प्रत्येक ओळीत आधी नावाची लांबी, मग गावाचं नाव, शेवटी तिथलं अंतर. प्रोग्रॅमने आकडा वाचायचा, शेवटच्या शून्यासाठी एक मिळवायचा, तेवढे बाइट मॅलॉक या जागा देणाऱ्या फंक्शनकडे मागायचे आणि नाव तिथे उतरवायचं. इतरांनी इंग्रजी स्पेलिंगं टाकली, सुटले. याने अंतराआधी लिहिलं : २ पाम, २ टेंभी, ४ कोलवडे, ५ अक्करपट्टी, ४ तारापूर. अक्षरं बोटावर मोजलेली. चूक काय त्यात? पहिलीत आपण असंच मोजतो.

चार गावं व्यवस्थित गेली. तारापूरला प्रोग्रॅम आपटला : 'मॅलॉक(): करप्टेड टॉप साइज'. अर्धा तास तो तारापूरची ओळ पुसून परत लिहीत होता. ती काढून तिथे घिवली लिहिलं, तर तेही पडलं. ''सर, पाचवं गावच घेत नाही हा.''

मी त्याला नावाचे बाइट छापून बघायला लावले. पडद्यावर आलं : ई० ए४ एए, ई० ए४ बीई, ई० ए४ एई. प, काना, म. प्रत्येक खुणेला तीन बाइट, म्हणजे दोन अक्षरांचं पाम नऊ बाइटचं. अक्करपट्टीत तर क आणि ट यांचे पाय मोडणाऱ्या खुणाही धरून दहा खुणा; तीस बाइट आणि वर शून्याचा एक. याने मागितले होते सहा.

मग पाम तरी कसं मावलं? तीन बाइटच्या जागेत दहा? इथे मॅलॉकचा दिलदारपणा नडतो. ६४ बिटी लिनक्सवर तीन मागा नाहीतर सहा, हातात निदान चोवीस बाइटची जागा पडते. पाम, टेंभी, कोलवडे चोवीसात बसले. हक्क नव्हता, पण कुणी हटकलं नाही. अक्करपट्टीचे सात बाइट मात्र बांध फोडून शेजारच्या खाचरात गेले. आणि मॅलॉक प्रत्येक खाचराचा सातबारा वेगळ्या कचेरीत ठेवत नाही. त्या खाचराच्या तोंडाशीच लिहून ठेवतो. पुसला गेला तो नेमका सातबारा. शेजारची जमीन अजून कुणाला दिलेली नव्हती, म्हणून ओरडही झाली नाही. तारापूरसाठी ती मागायला गेल्यावर मॅलॉकने कागद पाहिला आणि काम थांबवलं.

मेमरीच्या चुका पकडणाऱ्या व्हॅलग्राइंडखाली चालवल्यावर त्याने पहिला बोभाटा पामच्याच ओळीवर केला : तीन बाइटचा तुकडा आणि त्याला लागून लगेच पुढे लिखाण. पोरगा जरा ओशाळला. खरं तर ओशाळायला मी हवं होतं. लांबी म्हणजे अक्षरं की बाइट, हे मी प्रयोगात कुठे लिहिलं होतं?

हे तीन बाइट आले कुठून, तेही त्याला सांगितलं. १९९१च्या इस्की या भारतीय प्रमाणात देवनागरीच्या प्रत्येक खुणेला एकच बाइट होता; पाम तीनात उरकायचं. १९९२ साली केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ या लिपीसंकेताची रचना न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, टेबलावरच्या कागदावर मांडली. तिच्यात इंग्रजी अक्षराला एक बाइट आणि आपल्या खुणेला तीन. हाच थॉम्प्सन १९६९च्या उन्हाळ्यात बेल लॅब्जमध्ये पहिलं युनिक्स लिहीत होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात तारापूरच्या अणुवीज केंद्राची पहिली दोन युनिट्स रीतसर सुरू झाली. त्या अणुभट्ट्या जनरल इलेक्ट्रिकच्या. आणि ज्या मल्टिक्स प्रकल्पातून बेल लॅब्जने अंग काढल्यावर युनिक्स जन्मलं, तोही जनरल इलेक्ट्रिकच्याच संगणकावर चालायचा. परीक्षेत याला शून्य मार्क, पण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. पोराने मान डोलावली. त्याचं लक्ष घड्याळाकडे होतं. बोईसरची गाडी गाठायची होती.

आकड्याचा रकानाच त्याने काढून टाकला, लांबी बाइट मोजणाऱ्या स्ट्रलेनकडून घेतली आणि एक मिळवला. पाचही गावं आली, व्हॅलग्राइंड गप्प. फक्त नावांपुढचा अंतराचा रकाना नागमोडी छापला गेला. पामपुढे तीन मोकळ्या जागा, तारापूरपुढे एकही नाही. आकडा नावाला चिकटलेला. छापणाऱ्या प्रिंटएफला त्याने नावासाठी बारा जागा सांगितल्या होत्या. मी तोंड उघडायच्या आत बॅग खांद्याला लावत तोच म्हणाला, ''हा पण बाइटच मोजतो ना, सर?''