चिप तापू का देतात?

संगणकावर खेळ रंगात आला की ग्राफिक्स कार्डाचे तापमान अनेकदा ७०-८० अंश सेल्सिअसवर जाते. 'सर, जळणार नाही ना?' असे वर्गात एकाने विचारले. कार्ड बिघडलेले नसते. ते तसेच बांधलेले असते.

एनव्हिडियाचे २०२२ सालचे 'आरटीएक्स ४०९०' घ्या. त्याला ४५० वॉटपर्यंत वीज लागते आणि ती जवळजवळ सगळी उष्णतेत बदलते. म्हणजे दर सेकंदाला ४५० ज्यूल बाहेर काढायचे! पंखा तोच आणि वेगही तोच, तर किती उष्णता जाईल हे चिप व खोलीतील हवा यांच्या तापमानांतील फरकावर ठरते. हवा ३० अंश, चिप ९० अंश, फरक ६०. चिप ६० अंशांवरच ठेवायचा हट्ट धरला तर फरक ३० उरतो आणि तोच पंखा निम्मीच उष्णता नेतो. मग पंखा जोरात फिरवा (त्याची घरघर सोसा!), नाहीतर धातूच्या पात्यांचा पसारा वाढवा. त्यापेक्षा चिप तापू दिलेली परवडते.

अर्थात मर्यादा आहेच. या कार्डासाठी ती ९० अंश आहे. तेथे पोचताच चिप आपला वेग आपणच कमी करते. जास्त तापमानात चिपची झीज लवकर होते, हेही खरे. पण मला अधिक काळजी वाटते ती धुळीची. पात्यांत धूळ साचली की हवा अडते, तापमान चढते आणि ऐन रंगात आलेला खेळ अडखळू लागतो.