नवऱ्याची सही कायद्यात कुठे आहे?

"नवऱ्याची सही आणा, मग बघू." गर्भपातासाठी दवाखान्यात गेलेल्या बाईला हे आजही ऐकावे लागते. नवरा ऊसतोडीला गेलेला, घरात सासू, आणि इकडे दिवस भरत चाललेले. प्रत्यक्षात कायद्यात या सहीला जागाच नाही. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीची स्वतःची संमती पुरते. पालकाची संमती लागते ती अल्पवयीन मुलीसाठी किंवा मानसिक आजार असलेल्या स्त्रीसाठी.

वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ साली झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. गर्भपात कोणी करायचा आणि कुठे करायचा, यावर त्याचा मोठा भर आहे. सरकारी रुग्णालयाला वेगळी मंजुरी लागत नाही. खासगी ठिकाणाला मात्र लागते, आणि २००२ च्या दुरुस्तीनंतर ती जिल्हा समितीकडून मिळते. मंजुरीचे प्रमाणपत्र येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असे लावणे केंद्रावर बंधनकारक आहे. स्त्रीरोगाचे शिक्षण वा अनुभव नसलेल्या एमबीबीएस डॉक्टरने मान्यताप्राप्त ठिकाणी २५ गर्भपातांत साहाय्य केलेले हवे, त्यांतले किमान ५ स्वतः केलेले. तरच तो १२ आठवड्यांपर्यंतचा गर्भपात करू शकतो. नियम कडक आहेत आणि असायलाच हवेत. पण असे डॉक्टर तालुक्यापर्यंतही पुरेसे पोहोचलेले नाहीत, गावाची गोष्ट तर दूरच.

म्हणून २०१४ साली केंद्र सरकारने दुरुस्तीचा मसुदा काढला. प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिका, एएनएम ताई आणि आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथीचे डॉक्टर यांनाही परवानगी द्यावी, असे त्यात होते. डॉक्टरांच्या संघटनेने कडाडून विरोध केला. विरोधात पेशाचा स्वार्थ नव्हता असे नाही, पण भीतीही खोटी नव्हती. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला बेकायदा गर्भपातात एका विवाहितेचा जीव गेला. पोलिसांना तिथे पुरलेले १९ भ्रूण सापडले आणि होमिओपॅथीच्या डॉक्टरला अटक झाली.

म्हैसाळचे मूळ मात्र मुलगी नको म्हणण्यात होते. लिंगनिदानावर बंदी घालणारा कायदा १९९४ चा आहे आणि तो वेगळा आहे. दोन्हींची गल्लत झाली की काय होते? तपासणीच्या धाकाने औषध दुकानदार गर्भपाताच्या गोळ्या ठेवायचेच टाळतात, आणि सहा आठवड्यांच्या बाईलाही परत पाठवले जाते. मग ती वैदूकडे नाहीतर ओळखीच्या दाईकडे जाते. सुरुवातीच्या आठवड्यांत गोळ्यांनी होणारा गर्भपात प्रशिक्षित परिचारिका सुरक्षितपणे हाताळू शकते, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. मसुद्यातला हा एवढा भाग तरी वाचवायला हवा होता, असे आम्हाला वाटते.

तो वाचला नाही. २०२१ च्या दुरुस्तीत 'डॉक्टरच' कायम राहिला. मिळाले ते असे: २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरे, बलात्कारपीडित, अल्पवयीन, विधवा, घटस्फोटित अशा ठरावीक स्त्रियांना दोन डॉक्टरांच्या मताने २४ आठवड्यांपर्यंत मुभा, आणि 'नवरा' या शब्दाच्या जागी 'जोडीदार'. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांनाही २४ आठवड्यांची वाट मोकळी केली.

१९३८ साली मुंबई विधानसभेत बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा प्रचार आणि सोय सरकारने करावी असा ठराव मांडला होता. सभागृहाने तो फेटाळला. सोय कुठवर पोहोचते, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

भगिनींनो, केंद्रात गेलात की आधी भिंतीवरचे मंजुरीपत्र पाहा. नसेल तर तिथून उठा आणि सरकारी रुग्णालय गाठा. सही मागितली तर "कोणत्या कलमाखाली?" असे विचारा, सोबत आशाताईंना न्या. आणि गावात बोभाटा होईल म्हणून थांबू नका. कायद्याने परवानगी दिलेल्या व्यक्तीखेरीज कोणालाही तुमचे नाव सांगणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.