हिवाळ्यातील मुक्काम : वेळणेश्वर

गुहागर तालुक्यातील वेळणेश्वर येथे मुक्कामास येण्याची रीत ‘पर्यटन’ हा शब्द रूढ होण्याच्या पुष्कळ आधीची आहे. श्रीवेळणेश्वर हे गाडगीळ, गोखले, वेलणकर आदी घराण्यांचे कुलदैवत. घरी मंगलकार्य झाले की दूरदूरचे कुळाचारी दर्शनास येत व उपाध्यांच्या घरी उतरत. सारवलेली पडवी, न्हाणीतील तापलेला हंडा, पानात मऊ भात आणि कुळथाचे पिठले. कोकणची धर्मशाळा ती हीच.

१९७५ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान आता येथे आहे. महामंडळाच्या ‘निवास व न्याहारी’ योजनेने घरगुती खोल्यांनाही रीतसर मान्यतेची सोय केली. जुनीच पडवी, फक्त नोंदणी नवी, असे म्हणावयास हरकत नाही.

प्रश्न आहे तो ऋतूचा. पाहुण्यांची गर्दी होते मे महिन्यात. परंतु जांभा दगड पाणी धरून ठेवीत नाही. पावसाळ्यात तुडुंब भरलेल्या विहिरी नेमक्या तेव्हाच तळ गाठतात आणि पाहुण्यांच्या स्नानाच्या पाण्याचे ओझे पडते ते घरच्या स्त्रियांवर. उलट मार्गशीर्ष ते माघ या काळात विहिरींना पाणी असते, समुद्र शांत असतो, आंबा मोहोरलेला असतो आणि पहाटे गोधडी ओढून घ्यावी इतपत सुखद गारवा असतो. माघाच्या अखेरीस महाशिवरात्रीची यात्राही येते.

तेव्हा खोल्या वाढविण्यापूर्वी ग्रामपंचायतीने विहिरींची पातळी पाहावी. दर पंधरवड्यास दोर सोडून ती मोजण्याचे व फळ्यावर मांडण्याचे काम शिक्षकांना विद्यार्थ्यांसमवेत सहज करता येईल.