एक येत नाही, मग दोन येतात

गंगावेशच्या थांब्यावर वीस मिनिटं केएमटी बसची वाट बघावी आणि मग एकामागोमाग दोन गाड्या याव्यात, हे कोल्हापूरकराला नवं नाही. आपण चालकाला बोल लावतो, पण खरं कारण बहुतेक वेळा गणितात असतं.

समजा, गाड्या दहा-दहा मिनिटांनी सुटतात आणि थांब्यावर मिनिटाला दोन माणसं येतात. महाद्वार रोडच्या गर्दीत पहिली गाडी तीन मिनिटं अडकली, की पुढच्या थांब्यावर सहा माणसं जास्त. प्रत्येकाला चढायला तीन सेकंद धरले तर आणखी अठरा सेकंद गेले. थोडकेच, पण पुढच्या प्रत्येक थांब्यावर ही भर वाढत जाते. मागच्या गाडीला मात्र माणसंच कमी मिळतात. ती भरभर पुढे सरकते आणि पहिलीला गाठते. नेवेल आणि पॉट्स या संशोधकांनी 1964 मध्ये हे गणित मांडलं.

एकदा बिघडलेलं अंतर आपोआप सुधारत नाही. उपाय म्हणजे मागची गाडी मधल्या एखाद्या थांब्यावर मुद्दाम थांबवणं. आत बसलेल्यांचा जीव खालीवर होतो, तरी पुढे उन्हात उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसासाठी मला तेच योग्य वाटतं. दुसरा उपाय चढण्याचा वेळ कमी करण्याचा. जर्मन शहरांतल्या ट्राममध्ये लोक सगळ्या दारांनी चढतात. तिकिटासाठी फाटक नसतं, अधूनमधून तपासनीस येतो.

केएमटीत वाहक आतच तिकीट देतो, म्हणजे आपल्याकडे वेळ खाते ती दारातली रेटारेटी. आधी उतरणाऱ्यांना वाट दिली, तर ते तीन सेकंद दोनवर येतील.